रुई तुडवणाऱ्या पोरी

शके १७८५, कार्तिक वद्य ३, शनिवार. अमरावती.

बाळकृष्णाच्या कृपेने सुखरूप पोचलो. वाईहून बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण बिऱ्हाड पाहून सगळा शीण गेला. दोन खोल्या, न्हाणीला आडोसा, दारात ऊन. यजमानांना खुशालराव दलालांकडे कारकुनी मिळाली आहे. अमेरिकेत लढाई जुंपली म्हणून विलायतेला आपला कापूस हवा झालाय, आणि इथे जो तो रुईच्या मागे. रस्त्यात रुई, विहिरीवर रुई, पुरुषांच्या मिशांत सुद्धा रुई!

शेजारच्या माणिकबाई खुशालरावांच्याच वखारीत रेच्यावर कापसातली सरकी काढायला जातात. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "एवढ्या वाळल्या काहून हो बाई? घरी खायले नव्हतं का?" आधी राग आला, मग हसू. त्यांनीच भाकरी नि ठेचा आणून दिला.

वडील पंतोजी होते, म्हणून चार अक्षरं येतात. कागद महाग, तेव्हा बारीकच लिहिते.

कार्तिक वद्य १३, मंगळवार.

देवाने माझी ओटी भरली म्हणायची! खुशालरावांच्या वखारीमागे पटकीत आईबाप गेलेल्या पोरी ठेवल्या आहेत. आजपासून त्यांचं जेवणखाण, वेणीफणी माझ्याकडे. त्यांना सांभाळायचं ते आता तुम्हीच, असं खुशालरावांनी निरोप देऊन कळवलं. माझं लेकरू सव्वा महिन्याचं होऊन गेलं. तेव्हापासून पुन्हा कूस उजवावी म्हणून दर सोमवारी दिवा लागेपर्यंत मौन पाळते. त्या व्रताचंच हे फळ असावं.

पोरी काम करतात, पण हलकं. उंच खांबाला गोणपाटाचा मोठा थैला टांगतात. वजनाला कमी म्हणून पोरीला दोरी बांधून आत सोडतात. चंद्रभान मुकादम वरून रुई टाकतो, ती पायांनी तुडवते आणि रुईबरोबर वर वर येते. थैला भरला की तिला ओढून काढतात, तोंड शिवतात, झाली गठाण. मुंबईपर्यंत जाते म्हणे. बसून खाण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं.

मार्गशीर्ष शुद्ध २, शनिवार.

शकुनची वेणी घालत होते. सात-आठ वर्षांची असेल. कानात रुई, नाकात रुई, आणि काखेखाली दोरीचे वळ, काही जुने, काही ओले. कशाचे गं, विचारलं तर दाराकडे पाहिलं. जेवताना तिने शेजारी एक पान रिकामं मांडलं. कुणाचं? जमुनाचं, म्हणाली.

जमुना कोण, म्हणून माणिकबाईंना विचारलं. त्या रेच्यावरून मान वर करीनात. "ते पोट्टी मामाकडे गेली म्हनते मुकादम. तुमी कशाले खोदून राहिल्या?"

शकुनला मी जवळ घेतलं. तुला वाटेल तेव्हा, वाटेल ते सांग, मी ऐकेन. खरंच का, तिने विचारलं. मी बाळकृष्णाची शपथ घेतली.

मार्गशीर्ष शुद्ध ४, सोमवार. दिवा लागल्यावर.

काय केलं मी हे.

दुपारी शकुन आली, पदर धरला, आणि सगळं एका दमात सांगितलं. जमुनाची दोरी तुटली होती. ती खालून ओरडत होती. गाड्या खोळंबल्या होत्या, मुकादम रुई टाकतच राहिला, आणि थैला शिवला. आज त्याच खांबावर शकुनची पाळी. "मले जाऊ देऊ नका, बाई."

माझं मौन होतं. व्रत मोडलं तर कूस— मी हात वर केला. थांब, दिवा लागेपर्यंत. ती उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मग मुकादमाने हाक मारली आणि ती गेली.

दिवा लावला तशी धावले. थैला शिवून झाला होता. पोरगी पळाली, चंद्रभान म्हणाला. मामाकडे.

मंगळवार.

यजमान म्हणाले, अन्न खातो त्यांचं, पुरावा काय? मी पदर खोचून खुशालरावांकडे गेले. शकुनने काय सांगितलं, ते सगळं सांगितलं. त्यांनी मुकादमाला बोलावलं, त्याच्यासमोर पोरींना रांगेत उभं केलं आणि विचारलं. एकीनेही तोंड उघडलं नाही. कसं उघडतील? हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आता त्या मला पाहूनही गप्प होतात.

बुधवार. चंपाषष्ठी.

भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला. घासात रुई लागली. ताट धुऊन पुन्हा वाढलं. पुन्हा रुई. यजमानांच्या ताटात काही नाही.

वखारीत गेले. गठाणींवर हात ठेवत चालले. एक ऊबदार होती. हलत होती— वर, खाली. निजलेल्या लेकराच्या पोटासारखी.

गुरुवार.

भर उन्हात. रेचे चालू होते. गठाणीतून स्पष्ट—

"सांगू का आता, बाई?"

माणिकबाईंचा हात रेच्यावर थांबला. त्यांनीही ऐकलं. त्या रडत होत्या.

शुक्रवार.

गाड्या जुंपत होते. विळी घेऊन गेले, त्या गठाणीची शिवण कापली. मुकादम धावून आला तेव्हा यजमानच आडवे आले. त्यांनी त्याला धरून ठेवलं.

शकुन. थंड. तोंड उघडं, रुईने भरलेलं. मी बोटांनी साफ केलं. सगळं निघेना—

ठाण्यावर माणूस गेलाय. पोरींना माझ्या ओट्यावर आणलंय. पुरुष कुणी नाही. माणिकबाई दाराशी. कुणी विचारायचं नाही, सुचवायचं नाही. जी जसं बोलेल तसं लिहिते. बोलू लागल्यात. हळूहळू—

रांगेच्या शेवटी एक पोर आहे. हिला मी कधी जेवू घातलेलं नाही. पापण्यांवर रुई. नाव विचारलं.

जमुना.

पोरींनी सरकून तिला जागा दिली. त्या भीत नाहीत. सांग बाळा, म्हटलं. ती म्हणते, मी पहिली नव्हते.

अंगणातून येताहेत. पांढऱ्या. गेल्या हंगामाच्या, त्याच्या आधीच्या— माणिकबाईंनी दार सोडलंय. ओट्यावर जागा नाही. सगळ्यांना एकदमच— एकेक, बाळांनो, एकेक. बसा. मी आहे. ऐकते, सगळ्यांचं ऐक—