वास नसलेली कोळंबी

५ जून २०२०, शुक्रवार

दुकानं उघडली. म्हणजे रस्त्याची एक बाजू उघडली, दुसरी उद्या. करोनाला डावं-उजवं कळतं हे मला माहीत नव्हतं.

कुकरची रिंग आणायला पनवेलच्या बाजारात गेले. अख्खी कळंबोली माझ्याआधी पोचलेली. अंतर ठेवायला काढलेल्या एकेका वर्तुळात चार-चार जण. मागच्या बाईने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकायचीच बाकी ठेवली होती. घरी आल्यावर नवऱ्याने — म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी — मला, रिंगला आणि छत्रीला दारातच सॅनिटायझर मारलं. मग म्हणाले, "सुनंदा, आता तू सेफ."

७ जून, रविवार

गच्चीवर मीटिंग. विषय एकच: सोनाबाईला परत बसू द्यायचं का? सोनाबाई आमची मासळीवाली, जासईकडून येते. मार्चपर्यंत गेटपाशी पाटी मांडायची. वॉचमन दयाराम तिचा निरोप घेऊन आला होता — नवऱ्याचं बंदरावरचं काम बंद, बाकीच्या सोसायट्यांनी नाही म्हटलं, आता काय ते या गेटावरच.

वरच्या मजल्यावरची रुचिरा मासळी खात नाही, त्यामुळे मासळीबद्दल सगळ्यात जास्त तीच बोलली. शेवटी ठरलं: बुधवार आणि शुक्रवार, गेटबाहेर, आणि माल मी तपासायचा. मी हुंगून बरा म्हटला तरच विक्री. माझं नाक प्रसिद्ध आहे. माहेर अलिबागचं. गॅस गळत असो की नवऱ्याने चोरून सिगरेट ओढलेली असो, मला जिन्यातच कळतं.

चेहरा गंभीर ठेवला, पण मनात उड्या मारत होते. मसुराची आमटी खाऊन खाऊन जीव विटलाय.

१० जून, बुधवार

सोनाबाईला गाडी मिळाली नाही, शुक्रवारी येणार. माझा घसा धरलाय, पावसाळी हवा. चहाही पांचट. दूधवाल्याने संधी साधलेली दिसते.

१२ जून, शुक्रवार

आली एकदाची! वाळलीय बिचारी. "ताई, भवानी तुमच्या हातची. तुमी घेतल्याबिगर पाटी उघडत नाय मी." दिवसाची पहिली विक्री मलाच, हा तिचा जुना नेम.

खाडीची कोळंबी होती. मास्कमधून वास घेता येतो का? मी मास्क खाली ओढला आणि पाटीवर वाकले. तिनेही तोंडावरचा पदर काढला — भाव करायला तोंड मोकळं लागतं. दोघी डोक्याला डोकं लावून बसलो, मार्चच्या आधीसारख्या. फार बरं वाटलं.

कोळंबीला वास काहीच नाही. म्हटलं, एकदम ताजी असणार. मी हो म्हटलं आणि अर्ध्या सोसायटीने घेतली.

दुपारी कालवण केलं तर खोबऱ्याचा चोथा चावतेय असं वाटलं. ना चव, ना खाडी. बर्फातला जुना माल, दुसरं काय! मला फसवलं, माझ्या नाकाला फसवलं. इतका राग आला की रडूच आलं. सेक्रेटरीसाहेबांनी मात्र तीनदा भात घेतला. मसुरानंतर त्यांना काहीही गोड लागेल.

१३ जून, शनिवार

ग्रुपवर सगळे कोळंबीचे फोटो टाकतायत. यांना जिभा आहेत की चमचे? मी सांगून टाकलं, सोनाबाई बंद. हे म्हणाले, "अगं, नक्की ना? तिचं पोट आहे त्यावर." म्हटलं, "अहो, मी कधी चुकलेय का?" दुपारी गेटवर नोटीस लागली.

अंग मोडून आलंय. तिच्या कोळंबीनेच असणार.

१७ जून, बुधवार

दयारामने तिला गेटवरूनच परत पाठवलं. मी बाल्कनीत होते. खालून म्हणाली, "ताई, बर्फ नाय लावला वो. तुमालाच कशी फसवीन?" मी आत आले. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

थोड्या वेळाने दयाराम एक पुडी घेऊन आला. सुकट. सोनाबाईचा निरोप होता: "ताईस्नी वासाचीच मासली पायजे ना? हिचा वास नाय आला तर माजं नाव बदला." जिभेला हाड नाही बाईच्या.

१८ जून, गुरुवार

गुरुवारी आमच्याकडे चालत नाही. उद्या बघते तिची सुकट.

१९ जून, शुक्रवार

सकाळी तव्यावर सुकट टाकली. वास नाही! हीसुद्धा शिळी. म्हटलं, आता बदल बाई नाव.

तेवढ्यात ग्रुपवर रुचिरा: "कोणाकडे सुकट करपतेय? जीव गुदमरतोय." वासाच्या तक्रारी माझ्याकडे असतात. तवा तसाच गॅसवर ठेवून ताबडतोब मास्क लावून निघाले. मजल्या-मजल्यावर एकेका दाराशी मास्क खाली करून हुंगलं. कुठेच काही नाही. रुचिराला नसत्या शंका फार, असं पुटपुटत खाली आले.

आमच्याच दारात हे नाकाला रुमाल लावून उभे. मागे सगळं घर निळ्या धुराने भरलेलं.

"अगं, तुला खरंच वास येत नाहीये?"

मग हिंगाची डबी उघडली. लसूण ठेचला. फिनेलची बाटली नाकाला लावली. शेवटी डबी हातात धरून ओट्याशीच उभी राहिले. यांनी गॅस बंद केला आणि खिडक्या उघडल्या.

२० जून, शनिवार

दोघांचे स्वॅब दिले. गेटवर सोनाबाईच्या नोटिशीशेजारी आता आमच्या फ्लॅटची नोटीस आहे.

बाल्कनीतून दयारामला म्हटलं, सोनाबाईला फोन लाव, ताईचं चुकलं म्हणून सांग. त्याने लावला. तिच्या सुनेने उचलला. सासू कालपासून पडून आहे म्हणाली, आणि ओली मासळी नाकाशी धरली तरी वास येत नाही म्हणतेय.