चाळीस दिवसाचं दूध

१४ जानेवारी

ठरलं! विमानात बसणार मी. सिंगापूर!

सासू जिच्या घरी मालिशले जाते, त्या राधाताईच्या पोरीची, ज्ञानदाची, डिलिव्हरी आहे तिथं. चाळीस दिवस मालिश, शेक, बाळाची अंघोळ. बोलावणं सासूले होतं. पण तिचे गुडघे! म्हणे, "मोनालीले न्या. मीच शिकवली तिले."

कोणी जबरदस्ती नाही केली. मीच हव म्हटलं. सिंगापूर पाहाचं होतं मले. अन् आता भेव लागून राहिलं. माहा प्रशिक दहा महिन्याचा, अजून अंगावर पितो. मी येईपर्यंत दूध आटलं तं?

सासू म्हणे, "रोज पिळून टाकजो. आटत नाही."

१७ जानेवारी

रायपूरच्या गोल बाजारात गेली. ओवा, लोबान, डिंक, तिळाचं तेल. दुकानवाला भैया छत्तीसगढीत विचारते, "कहां जाबे दीदी, अतका सामान?" म्हटलं सिंगापूर. "हव, अउ मैं अमरीका जाथंव!" आख्खं दुकान हासलं. मीही.

२० जानेवारी

प्रशिकचे पप्पा त्याले बूढ़ा तालाबवर घेऊन गेले. तेवढ्यात निघाली. चोरावानी.

२३ जानेवारी

चौदावा मजला. खाली पाहाचं असलं का चौकट धरते मी. इथं लोक खिडकीतून बांबू बाहेर काढून त्याच्यावर कपडे वाळवतात! एवढ्या उंचावर! चड्डीसुद्धा खाली पडत नाही.

बाजारातल्या जेवाच्या जागी टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलं का जागा तुमची. आपल्या बसमधी रुमाल टाकतात तसंच. पण आपल्याकडं जागाही जाते अन् रुमालही.

प्रशिकच्या पप्पाले सांगाचं आहे हे.

दूध पिळलं. सिंकमधी ओतलं.

२९ जानेवारी

पोट्टा झाला — ओजस. काल घरी आणला.

आज त्याले ओव्याची धुरी दिली. तं छत बोंबलाले लागलं! धुराची घंटी असते म्हणे घरात, मले काय माहीत! राधाताई टॉवेल हलवून राहिली, बाजूची चिनी म्हातारी भिजलेलं फडकं घेऊन धावत आली. वाटलं, आता पोलीस!

म्हातारीनं वास घेतला. बाळाकडं पाहिलं, समजली, अन् पोट धरून हासली. मंग घरून अद्रक घातलेलं सूप आणून दिलं. त्यांच्यातही बाळंतीण महिनाभर बाहेर निघत नाही म्हणे!

५ फेब्रुवारी

ताईसोबत भाजी आणाले गेली. एका जागी खांबाले पाखरांचे पिंजरे टांगले होते, अन् म्हातारे खाली चहा पीत पाखरांचं गाणं ऐकून राहिले होते. कोणी बोलत नव्हतं. मलेही बसावं वाटलं.

घरी येऊन फोन लावला. प्रशिक दोन पाऊल चालला. सासू कटोरीनं पाजते त्याले. मले पाहून त्यानं फोन चाटला.

पाखरं पाहून खुश झाली होती मी. लाज वाटली.

८ फेब्रुवारी

ज्ञानदाले ताप. दूध उतरून नाही राहिलं. ओजसचं वजन घटलं. डब्याचं दिलं का ओकते.

दुपारी ज्ञानदा म्हणे, "मोनाली, तुम तो फेंक ही रही हो न... मेरे बेटे को पिला दो।"

तोंडातून निघालं, "ते प्रशिकचं आहे."

ती ओजसले थोपटाले लागली. मी सिंकपाशी गेली. ओजस रडूनच राहिला. ओतलं नाही गेलं आज.

९ फेब्रुवारी

पाजलं.

राधाताई दारात उभी. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं तिनं चहा आणला. रोज माहा स्टीलचा गिलास वेगळा असते. आज घरच्या कपात दिला. म्हणे, "गरम आहे, सावकाश घे गं."

सासूले फोनवर नाही सांगितलं.

२२ फेब्रुवारी

गाल भरले ओजसचे. दुसऱ्या कोणी घेतलं का रडते. मी घेतलं का चूप.

६ मार्च

रायपूर. निघतानी ओजसले डब्याचं दूध पचाले लागलं होतं. बरं झालं.

प्रशिक दारात उभा. उभा! मी हात केले तं सासूच्या लुगड्यामागं लपला. सासूनं उचलून माह्या मांडीवर ठेवला. पाजाले घेतलं तं तोंड फिरवलं, कटोरीकडं हात दाखवला.

दूध आहे. भरपूर आहे. तो घेत नाही.

सासू म्हणे, "दोन दिवस दे त्याले. लेकरू आहे, रुसलं."

प्रशिकचे पप्पा विचारत होते, "काय काय पाहिलं सांग नं?" काहीच आठवलं नाही मले.

९ मार्च

आज प्रशिक आपल्या मनानं मांडीवर येऊन बसला. माही बांगडी फिरवत होता. तेवढ्यात ज्ञानदाचा फोन. मागं ओजस रडून राहिला होता.

माहा ब्लाउज दुधानं भिजला.

प्रशिकले खाली ठेवलं अन् फोन कानाले दाबून धरला.