किनाऱ्यावरची सुट्टी

कुवेत, मे १९९६

प्रिय आई,

या सुट्टीत सावंतवाडीला येणार नाही, हे सांगायला लिहायला बसले. इथल्या सागरी संशोधन केंद्राने आम्हा कॉलेजच्या शिक्षकांना उन्हाळ्यात सोबत काम करायला बोलावलंय. "जमेल त्या वेळी या," म्हणाले. युद्धात तेलाने माखलेल्या किनाऱ्यावर खेकडे परतू लागलेत, त्यांचा अभ्यास करायचाय. लग्नानंतर सुटलेलं संशोधन पुन्हा हाती येतंय गो. पण हरीशची हॉस्पिटलात ड्युटी, मग चिमुकल्या स्वराला कुठे ठेवू?

इथवर लिहिलं आणि तुझा फोन आला. मी चाचरत सगळं सांगितलं. विमानाच्या नावानेच घाबरणारी तू, पण आधी प्रवास किती तासांचा ते विचारलंस. मग म्हणालीस, "व्हिसा पाठव. नातीला मी बघते, तू तुझे खेकडे बघ."

आता हे पत्र टाकत नाही. विमानतळावर आम्ही दोघी अगदी दाराशी उभ्या असू.

तुझीच,
विशाखा