आखणीला माणूस

जोहे, ता. पेण
६ जून १९९३

प्रिय मालू,

तुझं कार्ड परवा मिळालं. तीन ओळी खुशालीच्या आणि चौथीत काम. वाचून बरं वाटलं, कामाचं लिहायचं तर असंच लिहावं. रोह्यात गाळा घेतलास, तुझ्या शिवाने कंपनीतली शिफ्ट संपवून येऊन स्वतः फळ्या ठोकल्या, साठ गणपतींच्या ऑर्डरी लागल्या, आणि डोळ्यांच्या आखणीला माणूस मिळत नाही. तो मिळाला नाही तर साठच्या साठ मूर्ती रंगून, सजून डोळ्यांवाचून फळीवर बसून राहतील. पहिल्याच वर्षी ज्याचे गणपती वेळेवर गेले नाहीत त्या कारखान्याकडे दुसऱ्या वर्षी कुणी फिरकत नाही, हे तुला मी सांगायला नको. तू लिहिलंस, दादा, एक नाव सुचवा. नाव आहे माझ्याकडे. पण ते मी शेवटी सांगणार आहे. अकरा वर्षं माझ्या कारखान्यात तू माझं ऐकून घेतलंस, आता कारखानदारीणबाई झाल्यावर ती सवय मोडली असेल, म्हणून आज चार पानं सक्तीने ऐकवतो.

साठ म्हणजे साठ, हे आधी डोक्यात पक्कं कर. श्रावण लागला की लोक येतील, गोड बोलतील, शिवाच्या साहेबाची ओळख काढतील, आणि तू हो म्हणशील. म्हणू नकोस. तुला आठवतं ना, एके वर्षी मी हौसेने चाळीस गणपती जास्तीचे घेतले होते? रंग वाळायला वेळच उरला नाही. वाशीनाक्याचे एक गुरुजी गणपती पोटाशी धरून रामवाडीपर्यंत चालत गेले आणि घरी पोचले तेव्हा गणपतीचं पितांबर त्यांच्या सदऱ्यावर होतं. तू तेव्हा तोंडाला पदर लावून मागच्या दाराने पळालीस, हसायला. मला दिसलं होतं. नाही म्हणायचं ते नागपंचमीच्या आत म्हणावं, माणूस दुसरीकडे जाऊ शकतो आणि आपल्याला शिव्या देत नाही. नंतर म्हटलेलं नाही म्हणजे फसवणूक.

माणूस कामाला ठेवताना त्याला काय येतं ते विचारू नकोस, ते तो न विचारता सांगतो. काय येत नाही ते विचार. आपला जनू पहिल्या दिवशी म्हणाला होता, "दादा, साच्याचं सगलं करीन, पन किरीट माज्या हातून सरळ येत नाय." त्याला मी वीस वर्षं ठेवला. जो म्हणाला होता की मला सगळं येतं, त्याने एका आठवड्यात सात सोंडा मोडल्या. आणि काय काम, किती तास, काय मजुरी, हे पहिल्या दिवशी बोलून टाक. ओळखीच्या माणसाशी तर आधी बोल. आपलाच माणूस आहे, त्याला कसं सांगायचं, असं म्हणून आपण गप्प बसतो आणि मग दोघंही वर्षभर मनात कुढत बसतात. चूक झाली तर ज्या दिवशी झाली त्याच दिवशी तोंडाने सांगायची, हा नियम तुझ्या कारखान्यात कर. माझ्या कारखान्यात तो होता, फक्त मालकाला लागू नव्हता. त्यावर येतोच.

आता हे नीट वाच, हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. एका कामात माणूस फार चांगला असला की त्याचा मालक त्याला तिथून हलू देत नाही. तू एकोणीस वर्षांची आलीस तेव्हा घासकामाला बसलीस, पॉलिश पेपर घेऊन. मिठागरात राबलेल्या धोंडुबाईची मुलगी, उन्हाला आणि कष्टाला घाबरणारी नव्हेसच. दोन वर्षांत तुझ्या हातात सोनेरी रंग दिला आणि तू शेल्याचे काठ असे काही काढायला लागलीस की गिऱ्हाईक बोट दाखवून सांगायचं, हाच हवा. मग काय, मी तुला तिथेच चिकटवून टाकलं. नऊ वर्षं काठ. लोकांना सांगायचो, मालूसारखा हात पेण तालुक्यात नाही, आणि ती स्तुती खरीच होती, पण त्या स्तुतीने मी तुला त्याच पाटावर बांधून ठेवत होतो हेही खरं. तुझ्याकडे उद्या अशी कुणी मुलगी आली तर तिला दर वर्षी शेजारच्या पाटावरचं एक काम शिकव. तुझं थोडं नुकसान होईल. होऊ दे.

पंच्याऐंशी सालचा माझा ताप आठव. चतुर्थीला नऊ दिवस राहिलेले, मी अंथरुणावर, आणि चौदा गणपतींचे डोळे बाकी. पाचव्या दिवशी भिंत धरत कारखान्यात आलो तर चौदाही मूर्ती माझ्याकडे बघत होत्या. तू कुणाला न विचारता झिरो नंबरचा ब्रश उचलला होतास. मी सगळ्यांसमोर ओरडलो, कुणाला विचारून हात लावलास. तू मान वर न करता म्हणालीस, "दादा, चतुर्थी काय आपल्यासाठी थांबनार नाय." मला त्याच क्षणी कळलं होतं की डोळे चांगले झालेत, आणि कळलं म्हणूनच मी जास्त ओरडलो. आज आठ वर्षांनी लिहितो, मला त्याची लाज वाटते.

आणि ते तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र इतकं लांबवलं नसतं. त्या चौदातला एक गणपती निडीच्या हैबतरावांकडे गेला होता. ते भातशेतीवाले, कमी बोलणारे, दर वर्षी येऊन मूर्ती उचलायचे आणि जायचे. पुढच्या वर्षी जूनमध्येच आले आणि म्हणाले, "गेल्या सालचाच डोला पायजे. दारात कुनी उभा ऱ्हायला का गनपती त्याच्याकडं बगतो, घरात सगली तसंच बोलतात." मी म्हटलं, होऊन जाईल. तू सात-आठ हातांच्या अंतरावर काठ काढत बसलेली. तुला हाक मारून सांगणं एका मिनिटाचं काम होतं. मी मारली नाही. ते डोळे मी स्वतः काढले, दोनदा पुसून काढले. हैबतराव न्यायला आले, दारात जाऊन उभे राहिले, तिथून मूर्तीकडे बघून "बरा हाय" म्हणाले, आणि त्यानंतर आमच्या कारखान्यात कधी आले नाहीत. तरी पुढच्या वर्षी तू जेव्हा मला म्हणालीस, दादा, आता आखणीला बसवा, तेव्हा मी काय उत्तर दिलं ते तू विसरली नसशील. आमच्याकडे बायका आखणीला बसत नाहीत, बाबांनी घालून दिलंय. बाबांनी असं काही घालून दिलं नव्हतं, मालू. त्यांच्या वेळी कारखान्यात बाई कामालाच नव्हती. त्या चतुर्थीनंतर तू पाट धुऊन भिंतीला लावून ठेवलास, ब्रश मोजून दिलेस आणि गेलीस. लोकांना मी सांगितलं, नवऱ्याला रोह्याला नोकरी लागली म्हणून गेली. लोकांना ते पटलं. तुझ्या वहिनीला पटलं नाही.

इकडचं सांगायचं तर कारखाना आता कमळाकर बघतो आणि बापाला वाईट वाटेल इतका चांगला बघतो. स्प्रेची मशीन आली, मूर्ती दोन हजारांवर गेल्या, आखणीला दोन तरुण पोरं ठेवलीत. मला त्याने पुढच्या दाराशी एक खुर्ची दिली आहे, गादी घातलेली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला या म्हणायचं, चहा सांगायचा. मी दोन महिने बसून पाहिलं. माझ्यासारख्या माणसाला त्या खुर्चीत बसवणं म्हणजे चालत्या माणसाला झोळीत घालून नेणं. पण कमळाकरला दोष नाही. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यापासून मला बारीक रेघ दोन दिसतात. गेल्या वर्षी हट्टाने एका मूर्तीचे डोळे काढले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कुणीतरी ते गुपचूप पुसून नव्याने काढले होते. तेव्हापासून ब्रश हातात धरलेला नाही आणि हे तुला पहिल्यांदा सांगतोय.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी तुझ्या वहिनीसमोर बसून तुला काय काय उपदेश करायचा ते बोलून दाखवत होतो. गिरजा भाकरी थापता थापता म्हणाली, "लोकांना शिकवाया बरी जीभ चालते. सोता कदी कुनाच्या दारात काम मागाया उभं ऱ्हायलाव काय?" वडिलांच्या कारखान्यात जन्मलो, काम मागायची वेळच कधी आली नव्हती. म्हणून काल सकाळी धुतलेलं धोतर नेसून पेणला एसटीने गेलो आणि रोह्याची गाडी पकडली. सरळ तुझ्या गाळ्यावर यायचं ठरवलं होतं. नागोठणं गेलं तसा धीर सुटला आणि मी एक स्टेशन आधी, निडीलाच उतरलो. पासष्ट वर्षांचा माणूस! फलाटावर बसून परतीच्या गाडीची चौकशी केली तर तीन तास होते. बसून तरी काय करणार, म्हणून हैबतरावांचं घर विचारत गेलो.

म्हातारे अंगणात सुंभ वळत होते. मी पाणी घ्यायच्या आधी सांगून टाकलं की त्या वर्षीचे डोळे माझे नव्हते, मालू नावाच्या बाईचे होते, आणि तिच्याकडून ते श्रेय मी लपवून ठेवलं. त्यांनी सुंभ खाली ठेवलं नाही. म्हणाले, "मला ठावं हुतं ते तुजे नाय. कुनाचे तेवडं ठावं नव्हतं. कुटं असते ती आता?" मी तुझा पत्ता दिला. येत्या आठवड्यात ते ऑर्डर द्यायला येतील आणि डोळे तेच मागतील. साठ म्हणजे साठ असं मी वर बजावून ठेवलंय, ते तू या एकापुरतं विसर आणि एकसष्ट कर. निडीहून परतताना इतकं हलकं वाटलं की गाडीत शेजारच्या माणसाला उगाच दोन केळी दिली.

तर आता नाव. आखणीला मी ज्याचं नाव सुचवतो ते म्हणजे तू. बाहेरून माणूस आणू नकोस. चतुर्थीला अजून साडेतीन महिने आहेत. रोज सकाळच्या उजेडात फुटक्या प्लास्टरच्या तुकड्यांवर पन्नास डोळे काढ. पहिले आठ दिवस ते वाईट येतील, नवव्या दिवशी हात आपोआप जुन्या वाटेला लागेल. पण तू आखणीला बसलीस की तुझा एक पाट रिकामा होतो, आणि त्या जागेसाठी हा माझा अर्ज समज. मला घासकामाला घे. काय येत नाही ते आधी सांगतो: बारीक ब्रशचं काम आता येत नाही, दिवे लागल्यावर दिसत नाही, आणि दुपारी अर्धा तास डोळा लागल्याशिवाय चालत नाही. काय येतं ते तुला माहीत आहे. पॉलिश पेपर हातात असला की बोटांनाच कळतं, तिथे डोळे लागत नाहीत. मजुरी बाकीच्यांना देतेस तीच दे, दादा म्हणून एक पैसा वर देऊ नकोस. सकाळच्या गाडीने येईन, संध्याकाळच्या गाडीने जाईन. तुझ्या आखणीबद्दल तू विचारलंस तरच बोलेन, हे लिहून देतोय, वहिनी साक्षीला आहे आणि ती हसते आहे. नको असेल तर नागपंचमीच्या आत नाही म्हण, मी दुसरीकडे बघेन. हो असेल तर एवढंच कर, अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत तू ज्यावर बसायचीस तो घासकामाचा बुटका पाट मी जपून ठेवला आहे. तो बरोबर घेऊन येऊ का, तेवढं कळव.

कामाच्या शोधात असलेला,
तुझाच,
दिनानाथदादा