तारा निघणार नायत

प्रिय भरत,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाय. फोनवर तू मधेच तोंड घालतोस आणि माझं अर्धं राहतं, म्हणून लिहितेय. चौथीपर्यंतची अक्षरं हायत, लागतील तशी लाव.

मंगळवारी तू बाप असून वैशालीला तसला फोन केलास. नाते गावचे पाहुणे रविवारी बघायला येतायत, तोवर दातांच्या तारा काढून टाक, लग्न जमलं की परत लावू, म्हणालास. जणू मंडपाचे पडदेच ते, सोडले की बांधले! पोरीनं बरं म्हणून फोन ठेवला आणि मागच्या पडवीत गेली ती येईना. जाऊन बघते तर आरशापुढे उभी, हातात केसाची पिन. पुढच्या दातावरचं ते टिकलीएवढं ब्रॅकेट उचकटलेलं, तारेला लोंबतंय, ओठ रक्ताळलेला. रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली.

सकाळी तिला मेडिकलच्या दुकानातून रजा घ्यायला लावली आणि एसटीनं महाड गाठलं. दातांची डॉक्टरीण तसनीम तिथलीच पोर, बोलायला चटपटीत. मी आधी तिलाच झापलं, असलं कसलं गो तुझं चिकटवणं, पिनेनं निघतं? ती हसली. म्हणाली, आजी, कायमचं चिकटवलं तर शेवटी काढताना दात तुटेल की. मग मला खुर्चीशेजारी बसू दिलं. वैशालीच्या गालात कापूस कोंबला, दातावर औषध लावलं, धुतलं, वाऱ्यानं वाळवलं, तेव्हा दात खडूसारखा पांढराफट दिसायला लागला. लाळेचा थेंब लागला तरी धरत नाय म्हणे. खरंच हाय, ओल्या भिंतीला रंग कधी धरलाय? मग ब्रॅकेट बसवून वर निळा उजेड धरला, की झालं घट्ट.

मी विचारलं, दात हाडात रुतलेला, तो सरकतो कसा? ती म्हणाली, दात ढकलला जातो त्या बाजूचं हाड झिजतं आणि मागं नवं भरतं. अरे, आपली सावित्री नदी दुसरं काय करते? एका काठाची माती खाते, दुसऱ्या काठाला टाकते, आणि गावाला कळेपर्यंत वळण बदललेलं असतं. पण जोर जास्त झाला तर मूळ दुखावतं. हळू ढकलायचं, सोडायचं मात्र नाय. नवं हाड कच्चं असताना तारा काढल्या तर दात जुन्या जागी पळतात. तू काय मागत होतास, कळलं का आता?

पाहुण्यांना मीच फोन लावला. पोरीच्या तोंडात तारा हायत, बघवत नसेल तर पोह्याला येऊ नका, म्हटलं. तर मुलाच्या आईनं उलट मलाच विचारलं, आमच्या धाकट्याचे दात एकावर एक चढलेत, कुठं नेऊ? हे ऐकून वैशाली हसली. तोंडावर हात न धरता, सगळ्या तारा दाखवत. मी पोरीला पहिल्यांदा अशी हसताना बघितली.

पण पत्र पाहुण्यांपायी लिहिलं नाय. एसटीत पोरीनं विचारलं, आजी, बाबा मिशी कधीच का कापत नाहीत? काय सांगू? पुढं आलेल्या दातांवरून शाळेत पोरं तुला खवणी म्हणायची, तेव्हापासून तू ओठ मिटलेस. मिसरूड फुटल्याबरोबर झाकण मिळालं. लग्नाच्या एका फोटोत हसला नायस, रखमाला बिचारीला महिनाभर वाटत होतं, नवरा रागीट मिळाला. लेकीचे दात बघून तुला कुणाची लाज वाटते, ते मला ठाऊक हाय. तेव्हा महाडात तसनीम नव्हती रे, आता हाय. निघताना मी तिला विचारून घेतलं, अठ्ठेचाळीस वर्षांच्या घोड्याचे दात सरकतात का? म्हणाली, हिरड्या आणि हाड धड असेल तर सरकतात, वेळ जास्त लागतो. सोमवारची वेळ तुझ्या नावानं घेतलीय. रविवारी येशीलच, पाहुणे गेले की एक दिवस राहा आणि वैशालीबरोबर जाऊन खुर्चीत बस. मिशी हवी तर ठेव, तुला शोभते. पण तुझे दुधाचे दात मी या कौलांवर फेकलेत, भरत. त्यांच्या जागी काय उगवलं, ते तू मला धड बघू दिलं नायस.

तुझीच,
अजून आपल्या दातांनी भाकरी खाणारी,
आई