अर्धी नर्स

बाई,

लातूरला भावाच्या घरी बसून लिहितेय. माझ्या जुन्या खोलीत आता क्लासच्या दोन पोरी भाड्यानं राहतात, डॉक्टर व्हायचं म्हणून दिवसभर घोकत असतात, त्यामुळे माझं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मी जर्मनीला गेले हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात आहे. नर्स म्हणूनच गेले होते. पण तिथल्या कार्यालयानं माझं नांदेडचं शिक्षण आणि वॉर्डातली सगळी वर्षं तपासली आणि कळवलं, मान्यता अर्धीच. उरलेली परीक्षा देऊन मिळवा, तोवर मदतनीस म्हणून काम करा. म्हणजे अंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या, सुईला हात लावायचा नाही. तान्ह्या पोरांच्या न सापडणाऱ्या शिरा मी नांदेडला शोधल्यात बाई, आणि तिथं एखादी नवशिकी पोरगी पुन्हा पुन्हा टोचत असते तेव्हा मी शेजारी चादर घेऊन उभी. फार राग येतो. काढायचा कुणावर, तर सगळे इतके सभ्य, की तेही जमत नाही.

तुमची पहिली बोलणी खाल्ली तो दिवस आठवतो. जळकोटहून नांदेडला नुकतीच आलेली मी, पांढरा गणवेश घालून स्वतःवरच खूश. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर तुम्ही, राउंडला आलात आणि मी ऐटीत सांगितलं, "बाई, सात नंबरला ताप आहे." तुम्ही थांबता. चष्म्यावरून बघता. सगळा वॉर्ड ऐकतोय. "पलंगाला ताप आलाय का माणसाला? कोण हाय ती तुझी? न्हाई ना ठाऊक? जा, आधी नातं लावून ये, मग ताप सांग." मी रडत रडत गेले आणि त्या बाईला मावशी म्हणाले. देगलूरकडची होती, निम्मं तेलुगूत बोलायची, पण मावशी म्हटल्यावर तिनं सुईसाठी दंड पुढे केला. त्या संध्याकाळी तुम्ही मला क्वार्टरवर नेलंत आणि ताटात पिठलं-भाकरी वाढलीत. तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेला एकही पेशंट बिननात्याचा गेला नाही.

आणि त्याच नात्यानं मला नापास केलं. परीक्षेला माझ्या वाट्याला आली ती नव्वदीला टेकलेली बाई, पायाला जखम. पट्टी बदलताना ती घाबरून रडायला लागली. मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्यांच्या भाषेत म्हटलं, "झालंच हं आजी." ती शांत झाली, माझा हात धरून राहिली. मला वाटलं, जिंकलं आपण. नंतर परीक्षक बाईंनी समोर बसवून सांगितलं, पट्टी उत्तम, पण ती तुमची आजी नाही, तिला आडनाव आहे, न विचारता तिच्या चेहऱ्याला हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही. पेशंटचा मान राखला गेला नाही. आता एकच संधी उरली आहे. वाईट नव्हत्या त्या, मला पाणीसुद्धा त्यांनीच आणून दिलं. विचार केला तर त्यांचंही पटतं. मान राखायलाच तर तुम्ही मला नातं लावायला शिकवलंत, आणि त्याही मानच मागत होत्या. हे तुमच्याशी बोलावंसं वाटलं. त्या अख्ख्या शहरात असं कुणी नाही ज्याला हे सांगितलं तर कळेल.

म्हणून सुट्टी काढून आले. इथल्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरीचं विचारूनही आले. डॉक्टर तरुण होते, कौतुकानं बोलले, मग कागद चाळत म्हणाले, "मॅडम, तिकडं तुम्ही नर्स नव्हता ना? मग तो अनुभव धरता येत नाही. उलट मधे गॅप दिसतो. नवीन म्हणून घेऊ तुम्हाला." मला हसूच आलं. तिथं इथलं धरत नाहीत, इथं तिथलं धरत नाहीत.

घरी आले तर भाऊ जेवायला थांबला होता. मी घडलं ते सांगितलं. वहिनीनं आणखी एक भाकरी वाढली. मग भाऊ मायेनंच म्हणाला, "जाऊ दे ताई. तिकीट कधीचं हाय तेवढं सांग, हैदराबादला सोडायला गाडी सांगून ठेवतो." मी म्हटलं, सांगते.

आता परत जाईन, परीक्षा देईन, पेशंटला आडनावानं हाक मारीन आणि बहुधा पासही होईन. हे पत्र कुठं टाकायचं? तुमच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुणी राहतं. पण एक सांगते, बाई. मी नोकरी बघायला आले नव्हते. "आता राहा इथंच," असं कुणीतरी म्हणेल म्हणून आले होते.