कांडीची आणि माझी निरवानिरव

लिहून ठेवते मी, पुतळाबाई महादू केणे, वय अडुसष्ट, धंदा घरकाम आणि घरच्यांवर नजर, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, ते असे की: आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेबांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. तसे करायला जाणाऱ्याचे माझ्यापुढे काय होते, ते गावाला माहीत आहे.

वकीलसाहेबांनी भिवंडीहून टाइप करून आणलेला मसुदा सुरेख होता, पण त्यात माझ्या घरातले एकही माणूस ओळखू येत नव्हते. सगळे 'सदरहू' आणि 'उपरोक्त'. म्हणून तो बाजूला ठेवून हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. मी सातवी पास आहे. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या, आणि मिळकतही माझीच.

कलम १. अंजूर गावठाणातील राहते घर, पुढची ओटी, मागची पडवी, विहीर व पंप यांसह, माझा धाकटा मुलगा देवेश आणि सून क्षितिजा यांना द्यावे. कागदावर दोघांची नावे लागावीत. एकट्या देवेशवर सोपवले, तर तो नाव लावायला 'सोमवारी जातो' म्हणेल, आणि त्याचा सोमवार कधी येत नाही.

कलम २. रस्त्याकडची जमीन आम्ही गोदामाला दिली आहे. तिचे भाडे थोरला हिरामण आणि देवेश यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. भांडू नये. भांडायचेच झाले तर हळू आवाजात भांडावे, भाडेकरू ऐकत असतात.

कलम ३. खाडीकडचे शेत हिरामणला द्यावे. तो राहनाळला राहतो, तिथेच त्याचे टेम्पो आहेत, शेतात पाय ठेवत नाही. पण 'आई, बरी हायस ना?' म्हटल्यावर त्याचे पुढचे वाक्य त्या शेताच्या सातबाऱ्याचेच असते. तेव्हा घे बाबा. फक्त एक अट आहे. पूर्वेच्या बांधावर, शेवग्याच्या झाडाखाली, कोणीही मातीचा भराव घालू नये, गोदाम उठवू नये. का, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. माझी पुतळ्यांची माळ देवेशच्या मुलीला, तनयाला, द्यावी. तिने ती कपाटात न ठेवता गळ्यात घालावी, नाहीतर सोने कशाला म्हणतात. पाटा-वरवंटा ज्याला उचलेल त्याने न्यावा. माझी जाऊ तुळजा हिने हिरामणच्या लग्नात नेलेले पितळी घंगाळ अद्याप परत आलेले नाही. ते आता तिचेच समजावे. मात्र 'आमचे पूर्वीपासूनचे' असे ती माझ्या तेराव्याला म्हणाली, तर कोणीतरी हे कलम मोठ्याने वाचावे.

कलम ५. या कलमात कोणाला काही द्यायचे नाही. पण हे वाचल्याशिवाय कलम ६ कोणाला पटणार नाही, म्हणून लिहिते.

माझे मालक महादू पावसाळ्यात भाताची शेती करायचे आणि बाकीचे वर्ष भिवंडीत मागावर ड्युटी. एका संध्याकाळी मी त्यांना गूळ आणायला सांगितले होते, आणि ते रिकाम्या कांड्यांचा खोका घेऊन आले. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची बारीक नळी. मी म्हटले, याचा चहा करू का? तेवढ्यात खोका हलला. आत तांबूस रंगाचे, मुठीएवढे कुत्र्याचे पिल्लू होते. कारखान्यात कोणाच्या तरी पायाखाली आले असते म्हणून उचलून आणले होते. तिचे नाव कांडी पडले, ते खोक्यामुळे.

मला कुत्रे नको होते. पहिल्याच आठवड्यात तिने माझे ओटीवर वाळत घातलेले बोंबील खाल्ले आणि वर माझ्याच पायावर झोपली. मग काय करणार? मालक गेले, त्या वर्षी तिने आपली झोपायची जागा त्यांच्या खाटेखालून उचलली आणि माझ्या दाराशी आणली. तिला कोणी सांगितले नव्हते.

आता क्षितिजाबद्दल. ती कल्याणची, बँकेत नोकरीला. लग्न होऊन आली तेव्हा कुत्र्याला इतकी घाबरायची की कांडी मोरीकडे बसली असेल तर ही तासभर आंघोळीला जायची नाही. कांडीने तिच्या लग्नातल्या चपला चावल्या. त्यानंतर तिने कांडीला स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाही असा नियम केला, आणि मी तो रोज मोडला. माझ्या भाकरीला ती जाड म्हणते. तिच्या आमटीत साखर असते. याच्यावर आम्हा दोघींची इतकी वर्षे मजेत गेली.

गेल्या पावसाळ्यानंतर कांडीचे मागचे पाय लटपटायला लागले. डोळ्यांवर पांढरट सारा आला. पाणी खूप प्यायची आणि खाणे नुसते हुंगून सोडायची. आमच्याकडे म्हशींसाठी येणारे डॉक्टर चांगदेव भालेराव यांना बोलावले. त्यांनी तिला नीट तपासले. मूत्रपिंड गेलेले आहे, औषधाने थोडे दिवस निघतील, पण त्रास वाढत जाईल, असे म्हणाले. एका इंजेक्शनने ती झोपेतच जाईल, दुखणार नाही. मी विचारले, कधी द्यायचे? ते म्हणाले, ते मी सांगू शकत नाही, तुम्ही सांगा.

म्हशीला कधी रेडकू होणार, ते हा माणूस अंगाला हात लावून सांगतो, आणि हे मी सांगायचे!

मी हिरामणला विचारले. तो म्हणाला, "आजच करून टाक. कशाला तिचं हाल करते?" मला राग आला. सातबारा मागतो त्याच आवाजात म्हणाला. मग देवेशला विचारले. तो म्हणाला, सोमवारी बघू. क्षितिजाला मी विचारले नाही. जिच्या चपला चावल्या तिचे मत काय असणार, ते मला ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते.

शेवटी मीच एक दिवस मन घट्ट केले आणि डॉक्टरांना बोलावले. त्यांची मोटारसायकल वळणावर आली तशी कांडी उठली, फाटकापर्यंत चालत गेली, शेपूट हलवली आणि त्यांच्या हातून ग्लुकोजची बिस्किटे खाल्ली. मी म्हटले, डॉक्टर, हिला काय झालेय? डॉक्टर चहा पिऊन गेले. पुढल्या वेळी तिने सकाळीच माशाचे डोके आणि भाकरी चाटूनपुसून खाल्ली. डॉक्टर चहा आणि पोहे खाऊन गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी निघण्याआधी फोन केला आणि नक्की ना, असे विचारले. मी नक्की म्हटले, आणि ते आल्यावर त्यांना म्हशीच दाखवल्या.

मी गावभर सांगत होते की कांडी सुधारली. सकाळी उठावे तर दाराशी तिची जागा कोरडी, गोणपाट स्वच्छ. माझी हाक ऐकली की उभी. आजारी जनावर असे असते का?

मग खारबावला माझ्या भाचीच्या मुलाची हळद होती. हळद म्हणजे आमच्याकडे लग्नापेक्षा मोठे काम. दोन दिवस राहून लग्न लावून येते, असे सांगून मी गेले. पण तिथल्या बेंजो पार्टीच्या वाजवण्याने माझे डोके उठले, म्हणून दुसऱ्याच दिवशी दुपारी रिक्षा केली आणि परत आले. पुढचे दार लावलेले होते, म्हणून मागून गेले.

पडवीत कांडी आडवी पडली होती. क्षितिजा जमिनीवर बसली होती, साडी वर खोचून, बँकेत न जाता. ती कोमट पाण्याने कांडीचे मागचे अंग पुसत होती. पुसून झाल्यावर तिने तिला दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या कुशीवर वळवले आणि चमच्याने पेज तोंडात घातली. अर्धी पेज बाहेर आली. कांडीने मान उचलली नाही. ती माझी कांडी आहे, हे मला क्षणभर कळले नाही.

माझ्या बांगड्या वाजल्या असतील. कांडीचा कान हलला. मग ती उठायला लागली. पुढचे पंजे फरशीवर घासले, पडली, परत उठली. क्षितिजाने पटकन तिच्या पोटाखालून पंचा घातला आणि तिला तोलून धरले. अशी ती माझ्यापर्यंत आली आणि शेपूट हलवली.

क्षितिजा म्हणाली, "आई, ती तुमच्यासाठी उठते. तुम्ही बाहेर गेलात की अशीच पडून असते."

मी विचारले, "आणि सकाळची जागा कोरडी असते ती?"

"तुम्ही उठायच्या आधी मी पुसते. गोणपाट बदलते."

"मला सांगितलं का न्हाय?"

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला नाही विचारलं."

मी तिच्या शेजारी बसले. कांडी आमच्या दोघींच्या मध्ये पडली आणि धापा टाकत राहिली. चार पावले चालून तिला एवढी धाप लागली होती. मला दिसावे म्हणून ती रोज हे करत होती, आणि मी ते बघून डॉक्टरांना चहा देत होते. मग मी म्हटले, आता विचारते. तू सांग, कधी?

क्षितिजा कांडीच्या कानामागे खाजवत राहिली. मग म्हणाली, "उद्या, आई. परवा म्हटलं तर आपण परत पोहे करू."

मी हसले आणि रडले, कोणते आधी ते आठवत नाही.

सकाळी ऊन पडवीत आल्यावर डॉक्टर आले. मोटारसायकल ऐकून कांडी उठायला धडपडली. तेव्हा मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हटले, "बस, कांडे. आता उठू नको. मी बसलंय हितं." तिने डोके माझ्या मांडीवर टाकले. क्षितिजाने तिचे पंजे हातात धरले. देवेश विहिरीवर जाऊन पंप चालू करून उभा राहिला, पाणी कशाला हवे होते कोण जाणे. हिरामण राहनाळहून आला होता. 'आजच करून टाक' म्हणणारा तोच फाटकाशी उभा राहून असा रडला की शेजारचा रामू काय झाले म्हणून धावत आला. डॉक्टर म्हणाले होते तसेच झाले. ती झोपली, आणि थोड्या वेळाने तिचे पोट हलायचे थांबले.

खाडीकडच्या शेतात, शेवग्याखाली, दोन्ही भावांनी मिळून खड्डा खणला. कलम ३ मधली अट ती हीच.

कलम ६. उद्या मी अंथरुणाला खिळले तर काय करायचे, हे आता लिहिते. वकीलसाहेब म्हणतात की मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, तेव्हा जिवंतपणीची गोष्ट यात लिहून उपयोग नाही, आणि कायद्यात तिला जोरही नाही. जोर घरच्यांनी लावावा. याची एक प्रत मी देवघरात उघडीच ठेवणार आहे.

हिरामण मला ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात नेईल आणि जगभरच्या नळ्या लावायला सांगेल. फाटकाशी रडणारा माणूस आहे तो. देवेश सोमवारी बघू म्हणेल. म्हणून माझ्या दुखण्यात इस्पितळ कधी करायचे, कधी पुरे म्हणायचे आणि मला घरी कधी आणायचे, हे फक्त क्षितिजाने ठरवावे. मी तुम्हाला बघून उठून बसेन, हसेन, जेवले म्हणून सांगेन. त्याच्यावर जाऊ नका. तुम्ही खोलीत नसताना मी कशी असते, ते तिला विचारा.

हे कलम मी काल तिला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मला हे नको, दुसऱ्या कोणाला तरी द्या. मी म्हटले, दुसरे कोणी असते तर घंगाळासारखे तेही वाटून टाकले असते. मग ती बराच वेळ खडे काढत राहिली. तांदळात एवढे खडे नव्हते. शेवटी तिने विचारले, "आणि माझं चुकलं तर? लवकर झालं, नाहीतर उशीर झाला तर?"

त्याचे उत्तर मी आज लिहिते. क्षितिजा ठरवील तो दिवस बरोबर, मग तो कोणताही असो. लवकर झाले असे हिरामणने म्हणायचे नाही, उशीर झाला असे तुळजाने म्हणायचे नाही, आणि रात्री उठून तिने स्वतःला विचारत बसायचे नाही. विचारायला तेव्हा मी नसेन, म्हणून उत्तर आजच देऊन ठेवते: बाय, तुझे बरोबर होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोघा साक्षीदारांसमोर खाली सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: पुतळाबाई महादू केणे

साक्षीदार:
१. डॉ. चांगदेव भालेराव, पशुवैद्य, राहणार भिवंडी
२. रामू बाळाराम तरे, शेजारी, राहणार अंजूर

ठिकाण: अंजूर, तालुका भिवंडी
दिनांक: १७ फेब्रुवारी २००८